समुद्र शोधायला निघालो आणि चिपळूणला थांबलो

"कोकणात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. भौगोलिक कारणे द्या." डोंबिवलीतल्या शाळेत एकतीस वर्षं मी हा प्रश्न नववीच्या पेपरात घातला. उतार तीव्र, नद्या आखूड, जांभ्यात पाणी ठरत नाही. तीन मुद्दे आले की तीन गुण. मे महिन्यात एखाद्या विहिरीत वाकून तळाचा कातळ मात्र मी कधी बघितला नव्हता. तो बघितला २०२३ साली, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत, आणि तेव्हा आम्ही तिथे घर भाड्याने घ्यायच्या बेतात होतो.

जरा आधीपासून सांगते. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. बिल्डर नवीन घर होईपर्यंत भाडं देणार होता. मी २०२२ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले, नवरा त्याआधी दोन वर्षं. मुलगी लग्न होऊन पुण्यात. "भाड्यानेच राहायचंय तर डोंबिवलीतच कशाला?" असं नवरा एका रात्री आमटी वाढून घेताना म्हणाला आणि मला ते इतकं पटलं की माझी पोळी थंड झाली. वर्षभर आम्ही श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावं बघत फिरलो. कायमचं राहायचं तर समुद्र पायी जाण्याइतका जवळ हवा, एवढी एकच अट पक्की होती. अट माझी. नवऱ्याला समुद्राचं काही नाही, तो राजापूर तालुक्यातला.

आणि इथेच पहिला प्रश्न येतो, जो आम्हाला निदान चाळीस जणांनी विचारला असेल: मूळ गाव असताना दुसरं गाव कशाला? घर आहे की! घर आहे. चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे खळं, मागे फणस. सातबाऱ्यावर तेवीस नावं. आपल्या वाट्याला काय येतं ते नवऱ्याने एकदा हिशेब करून काढलं होतं: पडवीचा एक खांब आणि अर्धा फणस. दुरुस्तीला हात लावायचा तर तेवीस जणांची संमती, आणि त्यातले काही जण फक्त गणपतीला एकमेकांशी बोलतात, तेही आरतीपुरतं. वस्तीची एसटी रात्री येते, सकाळी सहाला निघून जाते. मधल्या वेळात गाव आणि जग यांचा संबंध नाही. थोरल्या जाऊबाई तिथेच राहतात, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "या की. खोली झाडून ठेवते. फक्त आजारी पडू नका." त्यांनी ते हसत सांगितलं, पण आदल्याच पावसात त्यांनी स्वतः काय काढलं होतं ते आम्हाला माहीत होतं. म्हणून मूळ गाव नाही. गाव हवं ते बाजारपेठ असलेलं, डॉक्टर असलेलं, संध्याकाळी सातनंतर दिवे लागलेले दिसतील असं.

श्रीवर्धनला आम्ही डिसेंबरात गेलो. पेशव्यांचं गाव, सुरेख किनारा, रोठा सुपारीचं नाव. ज्यांच्याकडे उतरलो ते काका वाडी दाखवायला घेऊन गेले. सुपारीच्या बागेत उजेड नसतो, निदान माझ्या डोक्यात तसंच चित्र होतं. इथे मधेच लख्ख ऊन पडलेलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं होतं. अडीच वर्षं उलटून गेल्यावरही वाडीत मोकळे चौकोन तसेच होते आणि त्यात कमरेएवढी रोपं. काका म्हणाले, "लावली पुन्हा. पण पोफळ धरायला सात-आठ वर्षं. मी आता त्र्याहत्तरचा." पुढे ते बोलले नाहीत, आम्हीही नाही. गाव नाकारायचं हे कारण नव्हतं. रेल्वे नाही, असं कारण आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं तर त्या उन्हाच्या चौकोनांनी मी घाबरले होते.

दापोलीवर माझ्या हातून अन्याय झाला, हे कबूल करते. हवा थंड, कृषी विद्यापीठ, रोपवाटिका, माणसं मोजकं आणि नीट बोलणारी. पण आम्ही गेलो प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत. मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ते तुंबलेले, हर्णैच्या मासळी लिलावात कोळणींपेक्षा मोबाइल जास्त. नवरा म्हणाला, "डोंबिवली आपल्या आधी पोचली." त्यावर निकाल लागला. एखाद्या मंगळवारी गेलो असतो तर हा लेख दापोलीवर झाला असता, असं मला अजून वाटतं.

मग गुहागर. त्याबद्दल सावकाश लिहायला हवं, कारण तिथे मी प्रेमात पडले. गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता, खालचा पाट आणि वरचा पाट. दुतर्फा घरं, पश्चिमेच्या घरांच्या मागे नारळ-पोफळीच्या वाड्या, वाडी संपली की सुरूची झाडं आणि मग थेट वाळू. व्याडेश्वराच्या देवळातून निघालं की पाचेक मिनिटांत पाय ओले. फेब्रुवारीत आठ दिवस राहिलो. पहाटे मी एकटी किनाऱ्यावर जायची, परत येताना कुणाच्या तरी वाडीतून पाणी सोडल्याचा आवाज यायचा. मनातल्या मनात मी पडदे शिवायला टाकले होते.

चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक तरुण भेटला. "काकू, जागा बघताय ना? सी व्ह्यू आहे आपल्याकडे." गुहागरात नाही, शेजारच्या एका गावात, गावठाणाबाहेर. जागा खरोखरच अशी होती की बघून माझं बोलणं बंद झालं. करवंदीची जाळी, जांभ्याचा गडगा, खाली समुद्र. पाच गुंठे मिळतील म्हणाला. नवऱ्याने मात्र सातबारा मागितला. इतकी वर्षं स्वतःच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं बघितलेला माणूस, तो दृश्याला भुलत नाही. या सातबाऱ्यावर अकरा नावं निघाली. त्यातले दोघे वारलेले, वारस नोंद नाही. एक बोरिवलीला, भावाशी अबोला. "होऊन जाईल हो," हे त्या तरुणाचं पालुपद.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आपण स्वतः शेतकरी असावं लागतं. इथे एक गंमत झाली. ज्या सातबाऱ्याने आम्हाला पडवीचा एक खांब दिला होता, त्याच सातबाऱ्याने नवऱ्याला शेतकरी ठरवलं. ओळखीच्या वकिलांनी कागद बघून सांगितलं, "तुम्ही घेऊ शकता. पण हे घेऊ नका." बिनशेती न केलेल्या जमिनीतून पाच गुंठ्यांचा तुकडा वेगळा काढायला तुकडेबंदी कायदा आडवा. शिवाय ती जागा भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत. ग्रामीण किनाऱ्यावर त्या पट्ट्यात नवं घर बांधायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, नियमांत सहसा वाव नाही. म्हणजे जे दृश्य बघून माझं बोलणं बंद झालं होतं, तेच घर न होण्याचं कारण होतं. त्या तरुणाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. टोकन दिलं नव्हतं, एवढंच आमचं शहाणपण.

जमिनीचा नाद तिथेच सुटला. बांधलेलं घर किंवा फ्लॅट, आणि तोही आधी भाड्याने, असं ठरलं. ज्यांना कोकणात जागा घ्यायची आहे त्यांना मी एवढंच म्हणेन की एजंटबरोबर जायच्या आधी एकदा सातबारा, आठ-अ आणि फेरफार ही जमिनीची कागदपत्रं घेऊन बसा. समुद्राचा फोटो नंतर काढा.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेलो ते याच शहाणपणाच्या जोरावर. रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरलो, पुढे एसटी. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे प्रत्येक प्रवासात नवरा माझ्याकडे जरा हेव्याने बघत असे. वेंगुर्लं बघून डोळे निवले. स्वच्छ गाव, नीट बाजार, जुनी घरं टिकवलेली, बंदराकडे जाणारा उतार. कचऱ्याचं वर्गीकरण करून या गावाने नाव कमावलंय, आणि ते फलकावरच नाही, गटारातही दिसतं. बाजूच्या वाडीत एक बैठं घर भाड्याने होतं. चुलीवर पाणी तापवायची न्हाणी, मागे काजूची चार झाडं, स्वतःची विहीर. घरमालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मला आधी घर दाखवलं नाही, विहिरीवर नेलं. मी वाकून बघितलं. तळाला कातळ, कातळाच्या खोबणीत परातभर पाणी आणि त्यात एक बेडूक.

"पावसात येवन काय बघतलास?" आजी म्हणाल्या. "तेव्हा सगळ्यांकडेच पाणी असता. ह्या बघा, आणि मगे काय ता ठरवा."

तीन गुणांचं उत्तर माझ्यासमोर होतं, बेडकासकट. त्या बाईंनी मला जे शिकवलं ते एकाही एजंटने शिकवलं नव्हतं: गाव त्याच्या वाईट महिन्यात बघायचं. पाण्यासाठी मे, बाकी सगळ्यासाठी जुलै. दिवाळीनंतर तर उकिरडासुद्धा हिरवा दिसतो.

वेंगुर्लं पाण्यामुळे सुटलं असं नाही. गावात नळ आहे, गावात घर मिळालं असतं. सुटलं ते एका शब्दामुळे. मोठं काही दुखणं निघालं तर कुठे जायचं, असं मी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. तिघांनीही एकच शब्द उच्चारला, "बांबोळी." म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज. चांगलं आहे, आख्खा सिंधुदुर्ग तिथे जातो. पण नवऱ्याच्या हृदयात २०१९ पासून एक स्टेंट आहे, आणि मुलगी पुण्याहून निघाली तर तिला आंबोलीचा घाट उतरून पोचायला दिवस जाणार. परतीच्या गाडीत आम्ही काही बोललो नाही. कणकवली गेल्यावर नवरा म्हणाला, "मासे मात्र तिथलेच."

रत्नागिरीत आठवडाभर राहिलो. रत्नागिरीत वाईट काहीच नाही, त्यामुळे लिहिण्यासारखंही कमी. हॉस्पिटलं, कॉलेजं, १८२८ चं जिल्हा नगर वाचनालय, मांडवीची संध्याकाळ. घरांच्या किमती ऐकून मात्र डोंबिवलीतच आहोत असं वाटलं. तरीही "दुसरं काही जमलं नाही तर रत्नागिरी" असं आम्ही वहीत लिहून ठेवलं होतं. वही नवऱ्याची, अक्षर माझं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन आषाढात, गुहागरला पुन्हा गेलो. मनातून मी अजून गुहागरचीच होते. आजींच्या कसोटीला गाव उतरलं की झालं. उतरलेल्या घराच्या पश्चिमेला मालकांनी नारळाची झापं आणि वर निळं प्लॅस्टिक बांधलं होतं, झड आत येऊ नये म्हणून. समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता, आणि तो फेब्रुवारीतला आवाज नव्हता. मासेमारी बंद, जून-जुलै दोन महिने होड्या वर ओढलेल्या. चादरी दमट, मिठाची बरणी पाण्याने भरलेली, माझ्या चामड्याच्या पर्सवर तिसऱ्या दिवशी बुरशी. वीज गेली की येईल तेव्हा येईल. मी घरमालकीण वहिनींना विचारलं, तुम्ही पावसाळ्यात किनाऱ्यावर जाता का? त्या म्हणाल्या, "छे हो काकू. आम्ही आता ऑगस्टातच बघायचं त्याच्याकडे, नारळ वाहायला."

मला हे काही फार वाईट वाटलं नव्हतं. तिथली माणसं असंच राहतात आणि मजेत राहतात. मी माझी समजूत काढतच होते, तेवढ्यात वहिनींनी भाजलेल्या फणसाच्या आठळ्या आणून ठेवल्या, आणि तिसऱ्या आठळीला माझी खालची उजवी दाढ उभी चिरली.

दात दुखण्याबद्दल लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. गुहागरातल्या डॉक्टरांकडे गेलो, वीज नव्हती. त्यांनी औषधाचा बोळा घालून दिला आणि म्हणाले, "मुळापर्यंत गेलंय. थांबू नका, चिपळूणला जा." दुपारच्या एसटीने मार्गताम्हाने, रामपूर करत चिपळूण. सगळ्या वाटेत गाडीच्या टपावर पाऊस आणि माझ्या जबड्यात हातोडा. संध्याकाळी साडेसातला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शिरलो. दिवा होता, एक्स-रे होता, आमच्या पुढे पाच माणसं होती आणि बाहेर धो धो कोसळत असतानाही त्यांतलं कुणी घाईत नव्हतं. मला चार दिवसांत तीनदा बोलावलं. तेवढ्यासाठी आम्ही बाजारातल्या एका लॉजवर उतरलो.

चिपळूण आमच्या वहीत नव्हतंच. समुद्र नाही, उकाडा प्रसिद्ध, आणि २२ जुलै २०२१ चा महापूर. तो दिवस आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितला होता. ज्या गावावर त्या दिवशी देशभर हळहळलो, त्या गावात घर बघायचं कुणाच्या डोक्यात येणार?

अर्धा जबडा बधिर घेऊन मी बाजार हिंडले. भिंतींवर जागोजाग पाण्याची रेघ होती. काही ठिकाणी रंगाखाली झाकलेली, काही ठिकाणी मुद्दाम ठेवलेली. छत्री मोडली म्हणून एका छत्र्या-दप्तरांच्या दुकानात शिरले. आत दोन रेघा, रंगाने ओढून साल लिहिलेलं. २००५ ची माझ्या छातीशी. २०२१ ची बघायला मान वर करावी लागली. खालच्या फळीवर फक्त प्लॅस्टिकच्या बादल्या. दप्तरं सगळी माळ्यावर, आणि काउंटरला चाकं.

"पुन्हा पाणी आलं तर?" मी चुकून विचारलं. दात बधिर असला की जिभेवर ताबा राहत नाही.

दुकानदार पन्नाशीचे. रागावले नाहीत. "येणारच काकू. नदीकाठचं गाव आहे. पण आता आम्ही झोपत नाही. आधी भरतीचं टाइमटेबल बघायचं. मग वर पोफळी गावाकडे पाऊस किती ते. मग कोळकेवाडी धरणातून किती सोडतायत. तिन्ही एका वेळेला जुळलं की माल वर."

एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतकं नेमकं उत्तर लिहिलं नव्हतं. वाशिष्ठी नदीला चिपळूणपर्यंत भरतीचं पाणी चढतं. २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. वरून डोंगरातलं पाणी, धरणाचं पाणी, पात्र गाळाने भरलेलं, आणि खाली समुद्राने दार लावून घेतलेलं. पुरानंतर गावातल्या लोकांनी गाळ काढण्यासाठी उपोषणाला बसून ते काम सुरू करून घेतलं, हेही दुकानदारांनीच सांगितलं. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७, हे त्यांना देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. छत्रीच्या दुरुस्तीचे वीस रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन बसले. १८६४ ची संस्था. दोन्ही पुरांत पुस्तकं भिजली, आणि तरी ते पुन्हा उभं आहे. मी मासिक चाळत होते आणि शेजारी दोन आजोबा वाशिष्ठीच्या पातळीबद्दल वाद घालत होते, क्रिकेटच्या स्कोअरबद्दल घालतात तसा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या गावाला आपल्या संकटाचं पूर्ण ज्ञान आहे. बाकीच्या ठिकाणी मी विचारलं की लोक म्हणायचे, "इथे काही होत नाही हो."

तिसऱ्या दिवशी दाढ थांबली आणि मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, इथे बघू या का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू इंजेक्शन मेंदूत गेलंय. "समुद्राची अट?"

"समुद्राला अर्ध्या तिकिटात जाता येतं."

मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तुम्ही बातम्या बघता ना?" पण नकाशा काढला की तीही गप्प झाली. कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पुणे, सकाळी निघालं की जेवायला पोचतो. बहुतेक गाड्या चिपळूणला थांबतात. सावर्ड्याजवळ डेरवणचं मोठं हॉस्पिटल, अर्ध्या-पाऊण तासावर. आणि पाणी: कोयनेची वीज तयार झाली की उरलेलं पाणी, म्हणजे अवजल, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत उतरतं, त्यामुळे मे महिन्यात आजूबाजूच्या वाड्यांना टँकर लागतात तेव्हाही ही नदी वाहती असते. कारणे द्या म्हटलं तर मी आता पाच गुणांचं उत्तर लिहिलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. कोकणात कुठेही गेलात की दुसरा प्रश्न "गाव कुठलं?" असा असतो, आणि त्या गावचे नसाल तर पालखी दारात येते पण तुमचं दार कुणाचं हे लोकांना कळत नाही. चिपळूणला कोयना प्रकल्पापासून लोट्याच्या कारखान्यांपर्यंत, बँका, शाळा, एसटी यांच्या बदल्यांवर आलेली इतकी माणसं राहून गेलीत की बाहेरच्यांचं कुणाला अप्रूप नाही. भाड्याची घरंही त्यामुळे मिळतात.

घर शोधणं हे मात्र पोलिसी काम निघालं. पूररेषा दोन असतात. निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही ठरवलं, लाल रेषेच्या वर. प्रत्येक दलाल शपथेवर सांगत होता की या बाजूला पाणी येतच नाही. मी दलालांना विचारणं सोडून दिलं. बिल्डिंगमध्ये शिरलं की विजेचे मीटर कुठे आहेत ते बघायची. तळमजल्यावरून उचलून पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेलेले असले की समजायचं. मग दूधवाले, रिक्षावाले, इस्त्रीवाले. "एकवीसला इथे कुठपर्यंत होतं?" त्यांनी हात करून दाखवलं की तो शब्द शेवटचा. एका छान, हवेशीर, नव्या रंगाच्या फ्लॅटच्या खाली इस्त्रीवाल्याने हात डोक्याच्या वर नेला. आम्ही त्यांना धन्यवाद देऊन तिथूनच परत फिरलो.

शेवटी टेकडीच्या अंगाला, चढावर, दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. आळीचं नाव लिहीत नाही, घरमालकांना आवडणार नाही. भाडं साडेसात हजार. मागे डोंगर आहे म्हणून तोही तपासला: उताराला झाडी आहे का, माती उघडी पडलीय का, पाण्याचे पऱ्हे कुठून उतरतात. पुरापासून पळून दरडीखाली राहायला जाण्यात अर्थ नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सामान आलं. त्याच महिन्यात गावातल्या महामार्गाच्या उड्डाणपुलाचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळला. माणूस कुणी गेलं नाही, पण आमच्या टेम्पोवाल्याने आम्हाला सोडताना त्याबद्दल बरंच ऐकवलं. आणि उकाड्याबद्दल लोक खोटं सांगत नव्हते. एप्रिलमध्ये चिपळूण म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. वारा परशुराम घाटाच्या पलीकडेच थांबतो की काय कोण जाणे. धूळही आहे. या गोष्टींची मला सवय झालेली नाही, होईल असंही वाटत नाही. महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीने मी गुहागरला जाते, किनाऱ्यावर दोन तास चालते, वहिनींकडे जेवते आणि संध्याकाळी परत येते. आठळ्या खात नाही.

घर अजून विकत घेतलेलं नाही. पण आधारवरचा पत्ता बदलला, गॅस इथला झाला, आणि नवरा वाचनालयात त्या दोन आजोबांच्या वादात तिसरा म्हणून बसायला लागला.

पहिल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, एके पहाटे साडेचारला फोन वाजला. छत्रीवाले. आमची ओळख दुकानात जाऊन जाऊन वाढली होती, पण पहाटे फोन करण्याइतकी नव्हती. "काकू, उधाण आहे, वर पाऊस थांबत नाही, पातळी पाचच्या वर गेलीय. माळा भरला. काही माल तुमच्याकडे टाकू का? तुमचं उंचावर आहे." नवऱ्याने मागून विचारलं, "कोळकेवाडी?" आणि फोन माझ्या हातातून घेतला.

सव्वापाचला टेम्पो आला. चार मुलं भिजत जिना चढत होती आणि नवरा दारात उभा राहून वहीत मोजत होता, तीच वही. हॉलमध्ये दप्तरांची थप्पी, बेडरूममध्ये रेनकोटचे गठ्ठे, स्वयंपाकघराच्या दारात मुलांच्या छत्र्या, कानवाल्या बेडकाच्या. मी चहाचं मोठं पातेलं ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे कुणाचं तरी शिलाई मशीन आलं होतं, समोरच्यांकडे वह्यांचे खोके. दोन दिवस आम्ही दप्तरांमधून वाट काढत राहिलो. पाणी नाक्यापर्यंत येऊन परत गेलं, बाजारात शिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माल नेला. नवऱ्याने वहीत बघून सगळं मोजून दिलं. एक बेडकाच्या छत्र्यांचा गठ्ठा कपाटामागे राहिला होता, तो मला रात्री केर काढताना सापडला. फोन केला तर ते म्हणाले, "राहू द्या तिथेच. पौर्णिमेला पुन्हा आणायला लागेलच."